वनिताताईचा पेनड्राइव्ह

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या लग्नकार्यात भेटणार नाही, म्हणून असेल.

कामणच्या एका गोदामात मी कॉम्प्युटर सांभाळतो. त्यामुळे अर्नाळ्याच्या आमच्या घरी या विषयात माझा शब्द शेवटचा. आणि घरच्या कॉम्प्युटरवर एक मोलाची गोष्ट होती — आत्याच्या आवाजातले धवले. हळदीला, लग्नाला बायका म्हणतात ती गाणी. आत्या धवलारीण होती. गावातलं लग्न तिच्याशिवाय लागत नसे. ती गेली त्याआधी बाबांनी तिला समोर बसवून सगळे धवले फोनवर रेकॉर्ड केले होते. फोन भरला तेव्हा ते कॉम्प्युटरवर टाकून फोनवरचे उडवा, असं मीच सांगितलं. दुसरी प्रत? — करू म्हटलं होतं.

एका शनिवारी मी गाड्यांच्या शर्यतीचा गेम फुकटात उतरवला. सोबत क्रॅक — म्हणजे गेमचं कुलूप तोडणारी फाइल. आधी अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच ओरडतो, असं तिथे लिहिलं होतं. गोदामात कुणी असं केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. घरी मात्र मुकाट्याने बंद केला. का? गाडी पळवायची होती, दुसरं काय!

रविवारी सकाळी प्रत्येक फाइलच्या नावाला विचित्र अक्षरांचं शेपूट फुटलं होतं. एकही उघडेना. पडद्यावर खंडणीची चिठ्ठी — पैसे भरा, तरच फाइलींचं कुलूप उघडू. ती पुसली, गेम उडवला आणि गप्प बसलो.

दुपारी आत्याची मुलगी, वनिताताई, आली — लेकीचा पेनड्राइव्ह मागून घेऊन, आईचे धवले न्यायला. मला सगळं ठाऊक होतं. तरी — लाज वाटते लिहिताना — मी तिला तो लावू दिला.

काहीच उघडलं नाही. बाबांनी संशयाने पेनड्राइव्हकडे बघितलं. “कोनकोनत्या कॉम्प्युटरला लावलाय गो हा?”

ताईचा चेहरा उतरला. “पोरीनं कालेजात लावला असंल...”

“त्यातूनच आलाय व्हायरस,” मी म्हणालो. एवढंच. संध्याकाळी सगळं पुसून कॉम्प्युटर नव्याने भरला. पुढेमागे ते कुलूप उघडण्याची थोडी आशा होती, तीही गेली. पण पुरावा गेला — मला तेच हवं होतं ना?

तेव्हापासून बाबा पाहुण्यांच्या चार्जरकडेसुद्धा संशयाने बघतात, आणि मी बाबांकडे. ते जरा जास्त वेळ गप्प राहिले की वाटतं, कळलं यांना.

परवा घरातल्याच एका हळदीला पोरींनी ताईला धवला म्हणायला लावलं. चार ओळी म्हणून ती अडली. कुणीतरी म्हणालं, पुढे? पदराने तोंड पुसत ती म्हणाली, “पुढचं माज्या पेनड्राइव्हनं खाल्लं गो.”

सगळे हसले. मीही हसलो.