पोनिराला मारलेली हाक

मलंग शहरात प्लेग शिरला त्या वर्षी विर्योसारख्या भल्या माणसाच्या हाती तापकऱ्यांची वही आली. अक्षर सुरेख, एवढाच त्याचा गुन्हा. घराचा नंबर, नाव, ताप. चार दिवसांनी पुन्हा जाऊन बघायचं. माणूस बरा झाला असेल तर नावावर काट, अजून तापात असेल तर गावाबाहेरच्या छावणीत रवाना. तिथून परत येणारे थोडेच. सापडला नाही तर गुपचूप पुरला असं धरायचं आणि गल्लीतल्या सगळ्या घरांची छपरं उतरवायची, कारण उंदीर छपराच्या पोकळ बांबूंत राहायचे.

सतरा नंबरात सात वर्षांची पोनिरा तापानं फणफणलेली, असं त्यानंच लिहिलं होतं. आज तिची आई कार्सी म्हणाली, त्या नावाचं इथं कुणी नाही. दारात तांदूळ निवडणारी टवटवीत पोर तिनं दाखवली. ही वालुयाती; नावाचा अर्थच बरी झालेली.

पोर आजारी पडली की नाव बदलायचं, हे विर्योला कुणी शिकवायला नको होतं. जुनं नाव उच्चारलं की दुखणं परत येतं. त्याचंही लहानपणी बदललं होतं. पहिलं कोणतं, ते आईनं मरेपर्यंत सांगितलं नाही. पण चार दिवसांत एवढी टवटवी? हीच ती, की शेजारची आणून बसवलेली? त्या दिवशी अंधाऱ्या खोलीत त्यानं पोरीची काख चाचपली होती, तोंड धड पाहिलंच नव्हतं. शेजाऱ्यांना विचारलं. एक म्हणाला, हीच ती. दुसरी म्हणाली, कार्सीला दोन मुली. तिसऱ्यानं तर कार्सीला मुलगाच असल्याचं सांगितलं. विर्योचं डोकं भणाणलं. संध्याकाळपर्यंत पोनिरा सापडली नाही, तर तीस घरं उघडी पडणार होती.

शेवटी त्यानं करू नये ते केलं. दारात उभं राहून मोठ्यानं हाक मारली, "पोनिरा!"

तांदूळ निवडणारी पोर ढिम्म हलली नाही. काही झालं तरी मान वर करायची नाही, असं तिला पढवलं होतं. कार्सी मात्र पांढरीफटक पडली.

आतून, तट्ट्यापलीकडून, बारीक आवाज आला, "ओ, काका."

मोठ्यांची हाक आली की ओ द्यायची, हे आतल्या पोनिराच्या अंगात मुरलेलं. या नावाला ओ देऊ नकोस असं बजावायचं, तर ते नाव घ्यावं लागलं असतं. ते घ्यायची घरात कुणाची छाती झाली नव्हती.

पोर जिवंत आहे, या आनंदानं विर्योचे डोळे भरून आले. मग ध्यानात आलं, आता हिला न्यावं लागणार. हसावं की रडावं, त्याला कळेना.

कार्सी रडली नाही. "न्या साहेब," ती म्हणाली, "पण वहीत नवं नाव घाला. जुन्या नावानं गेली तर परत यायची नाही."

नवं नाव घातलं, तर वहीत पोनिरा बेपत्ताच राहणार आणि तीस छपरं उतरणार. विर्योनं पोनिराच लिहिलं.

कार्सीला वाचता येत नव्हतं. तिनं ओल्या शाईजवळ बोट नेलं. "काय लिहिलंत?"

"वालुयाती," तो म्हणाला.