प्रवाळाची साप्ताहिक सुट्टी

आमच्या शेजाऱ्यांचं खरं नाव आता बहुधा त्यांच्या पगारपत्रकावरच शिल्लक असावं. बाकी सगळे त्यांना ड्युटीमास्तर म्हणतात. बस डेपोत कुठल्या ड्रायव्हरने कुठली गाडी कधी काढायची हे ते ठरवतात, आणि ठरवून झालं की उरलेला दिवस ते बदलण्यात घालवतात. एकाला सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं असतं, दुसऱ्याला पहाटे जाग येत नाही, तिसऱ्याचं चौथ्याशी पटत नाही. "मास्तर, तेवढं ॲडजस्ट करा" हे इतक्यांदा ऐकलेला माणूस मनातल्या मनात काय मागत असेल? एक तरी वेळापत्रक असं असावं, की ज्याच्याविरुद्ध कुणी तोंड उघडणार नाही.

ते त्यांना मिळालं वहिनींमुळे. मुलगी लग्न होऊन गेली आणि घरात रुसणारं-फुगणारं कुणी उरलं नाही. मग वहिनींनी हट्ट धरून बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी आणली. तिच्यात खडक, दोन पट्टेरी मासे आणि एक प्रवाळ. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे हं, जिवंत प्राणी. दिवसा उजेडात तो हिरव्या द्राक्षांच्या घडासारखा टपोरा फुगायचा आणि जरा काही मनाविरुद्ध झालं की आक्रसून बसायचा. मास्तरांची थोरली बहीण, म्हणजे वहिनींची नणंद, हिचाही स्वभाव साधारण असाच. त्यामुळे वहिनींनी प्रवाळाचं नाव ठेवलं 'वन्सं'. मास्तरांनी हरकत घेतली नाही. "ताईच्या कानावर जाऊ देऊ नकोस," एवढंच म्हणाले, म्हणजे साम्य त्यांनाही पटलं होतं.

टाकीवरच्या दिव्याला दोन रंग होते, निळा आणि पांढरा, आणि दोन्हींच्या वेळा लावायची सोय होती. मासेवाल्याने विकतानाच बजावलं होतं, "याचं अर्धंअधिक पोट उजेडावर भरतं. सकाळी हळूहळू चढवा, संध्याकाळी हळूहळू उतरवा. सुरुवातीला मंदच ठेवा. रोज तेच, आणि मग हात लावू नका." यातलं शेवटचं वाक्य हौशी लोकांसाठी असणार, असं मास्तरांनी गृहीत धरलं.

त्यांनी निळ्या उजेडाला पहिली पाळी दिली, पांढऱ्याला दुसरी. मधे जेवणाची सुट्टी. आणि रविवारी टाकी पूर्ण अंधारात.

"हे काय?" वहिनींनी विचारलं.

"साप्ताहिक सुट्टी."

"अहो, समुद्रात रविवारी सूर्य उगवत नाही का?"

"समुद्राला युनियन नाही," मास्तर म्हणाले.

रविवारचे बुडालेले तास ते सोमवारी ओव्हरटाइम लावून भरून काढत, तेही दिवा पूर्ण मोठा करून. त्यात ताई हटकून संध्याकाळी यायच्या, दिवा उतरायच्या वेळेला. "एवढे जिने चढून आले, आणि अंधार दाखवतोस होय रे मला?" असं म्हटलं, की मास्तर मुकाट्याने भर दुपारचा उजेड लावत. तेवढा वेळ दुसऱ्या दिवशी कापला जाई. आठवड्याची बेरीज मात्र चोख. डेपोत इतकी सरळ बेरीज त्यांना आजवर लागली नव्हती.

वन्संना ही बेरीज मानवली नाही. त्या आधी फुगेनाशा झाल्या, मग हिरवा रंग उतरला, आणि एका सकाळी कडेचा पांढराफटक सांगाडा दिसू लागला. वहिनी कितीतरी वेळ टाकीपुढे उभ्या. हातातल्या चहावर साय धरली.

"तास बरोबर आहेत," मास्तर म्हणाले. "बघ ना, एकही कमी नाही."

"तास बरोबर आहेत, पण ही चाललीय." वहिनी वळल्या. "तुमच्या एखाद्या ड्रायव्हरला आज उपाशी ठेवलं आणि उद्या दोन दिवसांचं एकदम जेवू घातलं, तर?"

"बोंब मारेल."

"हिला बोंब मारता येत नाही हो."

 मास्तरांनी चष्मा पुसला, दिव्याच्या सगळ्या वेळा खोडल्या आणि मासेवाल्याला फोन लावला. "वाचेल का?" "हात लावला नाहीत, तर वाचेल कदाचित," तो म्हणाला. मग मास्तरांनी अगदी गरीब वेळापत्रक लावलं. सकाळी मंद निळा, भर दुपारी बेताचा पांढरा, संध्याकाळी पुन्हा निळा, मग काळोख. रविवारीही तेच. म्हणजे वन्सं फुलायच्या तेव्हा मास्तर डेपोत, आणि मास्तर घरी यायचे तेव्हा वन्संचं दुकान बंद. सूर्याचा मालक असून ऊन बघायला मिळू नये, ही वेळ त्यांनी स्वतःच स्वतःवर आणली.

खरी परीक्षा पुढेच होती. दोनच दिवसांनी संध्याकाळी ताई आल्या.

"लाव रे दिवा."

"नाही, ताई."

"पाचच मिनिटं."

"एक मिनिटसुद्धा नाही. ती आजारी आहे. दुपारी ये, दुपारी दिसते."

"तुला लहानपणी कडेवर घेऊन फिरवला मी, आणि आज एक बटण दाबवत नाही तुला? बायकोने शिकवलंय वाटतं!"

स्वयंपाकघरात वहिनींनी श्वाससुद्धा बेताने घेतला. मास्तरांनी दिव्याच्या बटणावर आडवा हात धरला होता. त्यावर ताई अशा काही फुगल्या, की टाकीतल्या वन्संनी बघून शिकावं. चहा अर्धा टाकून त्या निघून गेल्या.

पुढचे काही दिवस मास्तरांनी दोन्हीकडची धास्ती घेतली. टाकीतली जगेल की नाही कळेना, आणि बाहेरची बोलेल की नाही तेही कळेना. मग एका दुपारी, टेबलासमोर तीन ड्रायव्हर हुज्जत घालत असताना, घरून फोन आला.

"मी बोलतेय," ताई म्हणाल्या. "दुपारी दिसते म्हणालास ना, म्हणून दुपारी आले. वहिनी चहा टाकतेय."

मास्तर उभेच राहिले. "कशी आहे?"

"फुगलीय की! सगळी नाही, पण मधला भाग चांगला टपोरा झालाय. कडेला पांढरी आहे अजून. हात लावून बघू?"

"लावू नकोस!" मास्तर इतक्या मोठ्याने ओरडले, की ड्युटी बदलून घ्यायला आलेल्या ड्रायव्हरने टेबलावरचा हात चटकन मागे घेतला.

"ओरडतोस काय, नाही लावत. हिरवी दिसतेय रे, छान हिरवी." मग ताईंनी विचारलं, "तुला कधी दिसते रे ही अशी?"

"रविवारी."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस तू सांगत जा," मास्तर म्हणाले.