एका हाकेला दोन ‘ओ’ : ढेबे सरांच्या साठीनिमित्त

आदरणीय सखाराम ढेबे सरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसले. मुळशीतल्या आमच्या छोट्या रुग्णालयात संगणक विभागाच्या नोकरीसाठी मी आलो होतो. सर शिडीवर उभे होते आणि कमरेपासून वरचे सर छतातल्या वायरींमध्ये गुंतलेले होते. “कोण?” असा वरूनच आवाज आला. “नवीन माणूस, सर,” मी म्हणालो. “नवीन लई येत्यात. नाव सांगा.” मी नागनाथ हे नाव सांगितले, लातूरकडचे गाव सांगितले, हिंजवडीच्या कंपनीत चार वर्षे काढल्याचेही सांगितले. शेवटचे त्यांनी ऐकले नसावे, किंवा ऐकून सोडून दिले असावे.

या गौरवग्रंथासाठी सरांच्या धैर्यावर लिहावे, असे संपादकांनी मला सुचवले होते. ते मला जमणार नाही. मी जन्माचा भित्रा माणूस. आणि पाच वर्षे सरांच्या हाताखाली काढल्यावर माझे मत असे झाले आहे की सरही धीट वगैरे नाहीत. ते पुष्कळ भितात. फक्त भ्यायचे कशासाठी, हे त्यांना नेमके कळते. मला ते कळावे म्हणून जे घडावे लागले, ते सांगताना आजही माझ्या हाताला घाम येतो.

सर मुळशीच्या डोंगरातल्या धनगर घरातले. त्यांचे थोरले बंधू अजून मेंढरे राखतात. सर मात्र शिकले, तरुणपणी टेलिफोनच्या खांबांवर चढले आणि पुढे या रुग्णालयाचे सारे नेटवर्क त्यांनी एकहाती उभे केले. जाणकार नसलेल्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, तो त्याचा पत्ता. आमच्या अतिदक्षता विभागात खाटेगणिक एक मॉनिटर आहे. त्याच्या पत्त्यावरूनच रुग्णाच्या हृदयाची रेघ सिस्टरांच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर येते. नवीन यंत्राला पत्ता देण्याआधी तो मोकळा आहे का, हे पाहायचे असते. त्यासाठी संगणकावरून त्या पत्त्याला साद घालतात. सगळे त्याला पिंग म्हणतात. सर ‘हाक’ म्हणतात, आणि उत्तर आले की ‘ओ दिली’ म्हणतात.

एकदा नोंदणीच्या खिडकीवर नवा प्रिंटर आला. दिलेल्या पत्त्यांची वही सरांच्या कुलूपबंद कपाटात असे, आणि सर त्या दिवशी रजेवर होते. मी म्हटले, वही कशाला हवी? एका पत्त्याला चार वेळा हाक मारली, ओ आली नाही. घर रिकामे आहे असे समजून मी तो पत्ता प्रिंटरला देऊन टाकला. हिंजवडीचा शहाणा ना मी! ते घर चौथ्या खाटेच्या मॉनिटरचे होते. खाटेवर रुग्ण नव्हता म्हणून सिस्टरांनी मॉनिटर बंद करून ठेवला होता, इतकेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोंडाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या आजींना छातीत दुखते म्हणून आणले आणि चौथ्या खाटेवर ठेवले. अर्ध्या तासात सिस्टरांचा फोन आला, की मोठ्या पडद्यावर आजींची रेघ येते आणि जाते. आम्ही दोघे धावलो. दाराशी आजींचा मुलगा म्हादू उभा होता. काचेतून त्याला तो पडदा दिसत होता. “सायब, बाकीच्यांची रेघ हाय, आमच्या आईचीच कुटं गेली?” त्याने विचारले. त्याचा आवाज असा होता की मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही. खाटेजवळचा छोटा पडदा चालू होता, आजींचा श्वास चालू होता, पण सहा खाटांना एकच सिस्टर आणि तिची सगळी भिस्त त्या मोठ्या पडद्यावर.

सरांनी आधी लॅपटॉप उघडला नाही. त्यांनी शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरांना बोलावून घेतले, आजींच्या उशाशी बसवले आणि सांगितले, “ताई, आजीच्या नाडीवरनं बोट काढायचं न्हाई. मशीनचं आमी बघतो.” मग त्यांनी त्या पत्त्याला हाक मारली. ओ आली. त्यांनी मला मॉनिटरची वायर काढायला लावली आणि पुन्हा हाक मारली.

पुन्हा ओ आली.

वायर माझ्या हातात होती. यंत्र नेटवर्कवर नव्हते, आणि त्याच्या नावाने दुसरे कोणीतरी उत्तर देत होते. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. सरांचाही चेहरा उतरला, ते मी पाहिले. “एका हाकंला दोघं ओ देत्यात,” ते हळूच म्हणाले. “आता आवाजावर जायचं न्हाई. पत्ता आपुन दिल्याला असतो, त्यो चुकतो. कानाची खूण बघायची.” प्रत्येक यंत्राला कारखान्यातून एक कायमचा क्रमांक मिळालेला असतो, त्याला सर मेंढराच्या कानाची खूण म्हणतात. सगळ्या वायरी जिथे मिळतात त्या पेटीच्या यादीत त्यांनी ती परकी खूण शोधली. “सतरा नंबरचा पोर्ट,” ते म्हणाले.

सतरा नंबरात आदल्या दिवशी मीच वायर खोचली होती. माझ्या पाचावर धारण बसली. तोंड उघडून ‘सर, तो प्रिंटर’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी बोललो नाही. नोकरी जाईल, म्हादू माझी गचांडी धरेल, गावाकडे तोंड दाखवता येणार नाही, असे काय काय मनात येत राहिले. वायरीला नावाची चिठ्ठीही मी लावली नव्हती. त्यामुळे साठीकडे झुकलेले सर ती वायर हाताने चाचपत जिना उतरले, भिंतीच्या कडेने चालत गेले, आणि मी मुकाट्याने त्यांच्या मागून गेलो. तेवढ्यात वरून सिस्टरांची हाक ऐकू आली. आजींची नाडी मध्येच थांबून थांबून लागत होती. डॉक्टर धावत गेले. सर क्षणभर थबकले, मग झपाट्याने नोंदणीच्या खिडकीपाशी गेले आणि प्रिंटरची वायर त्यांनी उपटली. वर मॉनिटरची वायर पुन्हा जोडल्यावर आजींची रेघ पडद्यावर आली आणि राहिली. उशाशी बसलेल्या सिस्टरांमुळे डॉक्टर वेळेवर पोहोचले होते. आजी वाचल्या.

मग सर माझ्याकडे वळले. “कुणी लावला ह्यो?”

“मी, सर.”

“कवापासनं म्हाईत हाय तुला?”

“सतरा नंबर म्हणालात तेव्हापासून.”

“मग बोलला का न्हाईस?”

“भ्यालो.”

“कुणाला? मला?” मी मान हलवली. सर माझ्यावर ओरडले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, “मला भिऊन काय करतोस, लेका? वर म्हातारी हाय. भ्यायचं तर तिच्यापायी भ्यायचं. तसं भ्याला असतास तर पळत सुटला असतास.”

त्यानंतर ते मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी सगळे सांगितले, गप्प राहिलो होतो तेही सांगितले. माझे बोलणे संपल्यावर सर म्हणाले, “वही मी कुलपात ठिवतो. ह्यानं बघावी कशी? अर्धी चूक माझी लिवा.” मग ते म्हादूकडे गेले आणि काय घडले ते त्यालाही साध्या शब्दांत सांगितले. मी शेजारी उभा होतो. म्हादूने सगळे ऐकून घेतले. मग “आई जेवली का?” एवढेच त्याने विचारले. दुसऱ्या दिवशी ती वही सुतळीने बांधून सर्व्हरच्या खोलीत खिळ्याला टांगलेली दिसली. पहिल्या पानावर सरांच्या अक्षरात लिहिले होते, ‘ओ आली नाही म्हणजे घर रिकामे नसते. झोपलेला माणूसही ओ देत नाही.’

सरांच्या मायेचेही सांगायला हवे. मी कासार आंबोलीला खोली घेतली तेव्हा शेताच्या बाजूला बिबट्या दिसल्याची बोलवा होती. दिवेलागणीला ती वाट मी मोठमोठ्याने गाणी म्हणत चालत असे. कसे कोण जाणे, सरांना नेमके त्याच सुमाराला त्याच बाजूला काम निघू लागले. महिनाभर ते स्कूटरवरून मला दारापर्यंत सोडत होते. तिकडे त्यांचे काहीही काम नव्हते, हे मला ढेबे वहिनींकडून फार उशिरा कळले.

यंदा पावसाळ्यात सरांनाच कामावर असताना छातीत कळ आली. डॉक्टरांनी दोन दिवस देखरेखीखाली ठेवले, आमच्याच अतिदक्षता विभागात. मी वही पाहिली, पोर्ट पाहिले, प्रत्येक यंत्राची खूण पाहिली. मग ते सगळे पुन्हा पाहिले. पाचव्यांदा त्यांच्या खाटेजवळची वायर चाचपायला गेलो तेव्हा सरांनी डोळे उघडले.

“काय रं?”

“काही नाही सर, सहज.”

“भ्यालाइस व्हय?”

“लई,” मी म्हणालो.

“मग मी झोपतो,” सर म्हणाले, आणि खरोखरच झोपले.

येत्या महिन्यात सर निवृत्त होत आहेत आणि ती वही माझ्या हाती येत आहे. माझे धाबे दणाणले आहे, हे या ग्रंथाच्या साक्षीने कबूल करतो. सर, आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. भावाच्या मेंढरांमागे आपण पुष्कळ वर्षे डोंगर चढावा. आपणांस रोज गाढ झोप लागावी आणि रोज सकाळी जाग यावी. भ्यायला मी इथे आहे.