ओहायोतली आमची गिरणी

मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पिठाची गिरणी दिवसभर बंद ठेवली. मुंबईच्या विमानतळावर ते इस्त्रीच्या सदऱ्यात उभे होते, तरी कानामागे पीठ राहिलंच होतं. आईने ते पदराने पुसलं. मला बाजूला घेऊन अण्णा म्हणाले, "तिकडे कुणी विचारलं तर धान्याचा व्यापार आहे म्हणून सांग. उगाच कमी लेखतील." मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला आजही राग येतो.

आठ वर्षं, म्हणजे शहाऐंशीपर्यंत, मी तसंच सांगितलं. ओहायोतल्या डब्लिन गावात आमच्याभोवती सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनियर. पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, गेलं की कुणाचे वडील कलेक्टर, कुणाचे प्राचार्य. माझा नवरा श्रीकांत मी तोंड उघडायच्या आधीच सांगून टाकायचा, "हिच्याकडे धान्याचा मोठा व्यापार आहे." त्यातला "मोठा" त्याने पदरचा घातलेला. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करत होते, स्वतःची गाडी चालवत होते आणि बापाचा धंदा लपवत होते. इकडे आलेल्यांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी हेच केलंय ते मला ठाऊक आहे.

तेव्हा आम्ही घर शोधत होतो. मराठी मंडळातल्या जुन्याजाणत्या नलूकाकू सोबत यायच्या, कारण चांगली सबडिव्हिजन, म्हणजे घरांची वसाहत, आम्हाला ओळखता येत नाही असं त्यांचं मत होतं. एका रविवारी गावाबाहेर, ओढ्याकाठी, एक जुनी पाणचक्की विक्रीला असलेली दिसली. डागडुजी करून तिचं राहतं घर केलं होतं. बाहेर लाकडी चाक फिरत होतं आणि दिवाणखान्याच्या मधोमध जात्याचे दोन प्रचंड दगड होते. घर दाखवणारी बाई म्हणाली, ते नुसते शोभेचे, वर काच टाकली की छान कॉफी टेबल होईल.

वरचा दगड कलता ठेवला होता. मी आत हात घालून पाहिलं. खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

"शोभेचे कसले? टाकी लावून खाचा पुन्हा कोरल्या की दळतील," मी म्हणाले.

"तुला गं काय माहीत त्यातलं?" नलूकाकू हसल्या.

"अहो काकू, हिच्याकडे धान्याचा मोठा..." श्रीकांत घाईने म्हणाला.

"व्यापारबिपार काही नाही, काकू. माझे वडील लोकांची दळणं दळतात. दहा वर्षांची असल्यापासून मी दगडाला टाकी लावलीय."

काकूंना सोडल्यावर श्रीकांत गाडीत म्हणाला, "त्यांच्यासमोर सांगायची गरज होती का?"

"होती," मी म्हटलं. "आणि मला हेच घर हवंय."

दोन महिने भांडून ते घेतलं. गिरणीतून सुटली आणि गिरणीतच जाऊन पडली, अशी भारतातून नातेवाइकांची पत्रं आली. पडले तर पडले! सुट्ट्यांमध्ये छिन्नी-हातोडा घेऊन मी एकेक खाच पुन्हा कोरली. एका म्हाताऱ्या सुताराने दगड चाकाला जोडून दिले. जनावरांच्या खाद्याच्या दुकानात ज्वारी मायलो नावाने मिळायची, ती आणली आणि सगळ्या मंडळाला भाकरीचं आमंत्रण दिलं. तोरा नडला. टाकी लावल्यावर पहिलं दळण कोंड्याचं काढून फेकायचं असतं, म्हणजे दगडाची कच निघून जाते. गिरणीवाल्याच्या घरात हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि मी थेट ज्वारी ओतली. पंचवीस माणसांच्या दाताखाली कचकच. नलूकाकूंनी घास कसाबसा गिळला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी माझी भाजणी दळून देशील? तेवढं कचेचं बघ हं."

आता दर शनिवारी डबे येतात. गव्हामागे गहू, ज्वारीमागे ज्वारी, भाजणी सगळ्यात शेवटी. मंडळातले सर्जनसाहेब रांगेत मध्ये घुसले तर माझी मुलगी त्यांनाही दटावते, "अंकल, भाजणी गोज लास्ट!"

गेल्या महिन्यात घर दाखवणाऱ्या त्याच बाईचा फोन आला. चांगलं गिऱ्हाईक आहे, विकता का? फोन श्रीकांतने घेतला होता.

"सॉरी, नॉट फॉर सेल," तो म्हणाला. "माय वाइफ इज अ मिलर. लाइक हर फादर."

मला बापासारखी गिरणीवाली म्हणून त्याने फोन ठेवला आणि तो पेपर वाचायला बसला. मी रडले, आणि हात पिठाचे असल्यामुळे डोळेही पुसता येईनात.

परत कधी येणार, असं तिकडचे अजून विचारतात. मी येणार नाही. माझं घर हेच. ज्यांना त्यात कमीपणा वाटतो त्यांनी खुशाल आपले डबे उचलावेत आणि दुसरीकडे दळायला न्यावेत. ओहायोत दुसरी गिरणी सापडली तर मलाही कळवा.