येळवशीच्या दिवशी बेटावर मिळालेली खीर

आधीच सांगते — मी शाळेत विज्ञान शिकवते. कुणी भूतबित सांगायला लागलं की मला आधी हसू येतं आणि मग राग. त्यामुळे हे लिहू की नको, यातच दोन वर्षं गेली...

माझा धाकटा भाऊ महेश. त्याला लहानपणापासून डायबेटिस, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. सव्वीस वर्षांचा घोडा झालाय, पण शेजारच्या लग्नाला निघाला तरी आई खिशात बिस्किटं कोंबणार. त्याला एकदा तरी सायकलवर जाऊन समुद्राकाठी तंबू ठोकायचा होता. आता धाराशिवला समुद्र कुठून आणणार! शेवटी मी शोधून काढलं — लोहारा तालुक्यात, तेरणेच्या धरणाच्या फुगवट्यात एक टेकडी आहे. पाणी भरलं की तिचं बेट होतं, आणि एका अंगाला चांगला वाळूचा पट्टा. "गरिबांचा गोवा," महेश म्हणाला. आई तयार होईना. मी म्हटलं, "मी आहे ना सोबत. माझ्या जबाबदारीवर नेते."

सुट्टी होती म्हणून नेमका येळवशीचा दिवस निवडला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, पाच दगडांना चुना लावून पुजायचं, भज्जी, आंबील, गव्हाची खीर... आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून पंगतीला बसवायचं. हे सगळं मला ठाऊक होतं. डोक्यात आलं नाही ते एवढंच, की त्या दिवशी गावात आणि पाण्यावर मदतीला कुणीच नसणार.

लोहाऱ्यापर्यंत सायकली जीपच्या टपावर, पुढं पंधरा-सोळा किलोमीटर सायकल. होडीवाले काका शेतात जायच्या घाईत होते. आम्हाला सायकलींसकट बेटावर उतरवलं आणि "सांजच्याला येऊन बगून जातो" म्हणत निघाले. तंबू लावला. वाळूत सायकल चालवायच्या नादात महेश दोनदा तोंडावर आपटला, मी पोट धरून हसले. बाराला जेवायचं म्हणून पिशवी शोधली — नाही! डबा, बिस्किटं, ग्लुकोज, सगळं त्या एका पिशवीत, आणि पिशवी होडीत. फळीखाली मीच ठेवली होती. फोनला रेंज नाही.

सकाळी घेतलेलं इन्सुलिन, त्यावर एवढी सायकल. थोड्याच वेळात त्याला दरदरून घाम फुटला. त्याच्या खिशातल्या मशीनवर शुगर बघितली — ५२. मग तो बरळायला लागला. एवढंच स्पष्ट कळलं, "अक्का, आईला सांगू नको हं..."

बेटावर बाभळी आणि वाळलं गवत, तोंडात घालावं असं काही नाही. पलीकडच्या काठावर कुणी दिसलं तर हाक मारावी म्हणून धावत टेकडी चढले.

टेकडीच्याच मागच्या उतारावर कोप होती. ताज्या कडब्याची. पुढं पाच पांढरे दगड, आणि हिरवं लुगडं नेसलेली एक उंच, सावळी बाई आंबील शिंपडत होती.

"ये गं बाय, ये. कवाधरनं वाट बगायलाव, कुनी फिरकंना की हिकडं."

मी कसंबसं म्हटलं, "भाऊ... खाली... साखर कमी झालीय त्याची."

तिनं लगेच मातीचं लोटकं भरून माझ्या हातात दिलं. "खीर हाय. ने आदी, त्येच्या तोंडात घाल. बोलत नको हुबं ऱ्हाऊ. येळवशीला लेकरू उपाशी ऱ्हातं व्हय कुटं!"

मी पळाले. खीर कोमट होती, हे हाताला अजून आठवतं. बोटानं थोडी थोडी त्याच्या ओठांत घातली, रडत, त्याला शिव्या देत. पंधरा-वीस मिनिटांनी त्यानं नीट डोळे उघडले. शुगर ९४. आणि साहेब म्हणतात काय — "सुंठ जरा जास्त झालीय गं." मी त्याला मारलं आणि मिठी मारली.

तो उभा राहिल्यावर आम्ही दोघं आभार मानायला वर गेलो. कोप नव्हती. दगड नव्हते. कडब्याची काडी नाही, दबलेलं गवतसुद्धा नाही. परत आलो तर वाळूत ठेवलेलं लोटकंही नाही. महेशच्या टी-शर्टवर सांडलेल्या खिरीला मात्र मुंग्या लागल्या होत्या.

चारच्या सुमारास काका आले, पिशवी छातीशी धरून. जेवण सोडून उठले होते बिचारे. सगळं ऐकून त्यांनी पाण्याकडं बोट केलं. म्हणाले, "ताई, टेकडीखाली आमच्या गावची रानं हुती. समदी पान्यात गेली. मान्सं कुटं कुटं पांगली... त्या बाईचं म्या काय सांगू?"

नंतर महेशचे डॉक्टर म्हणाले, शरीर कधीकधी स्वतःच साखर सोडतं, आणि अशा वेळी घाबरलेल्या माणसाला काहीही दिसू शकतं. असेल. वर्गात मीही हेच सांगितलं असतं. पण मग त्या मुंग्यांचं काय?

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं रान त्या टेकडीच्या पायथ्याशी असेल, आणि घरातली कुणी उंच, सावळी, घाईनं बोलणारी बाई आठवत असेल, तर तिच्या फोटोपुढं एवढंच सांगा — तुमचं लेकरू वाचलं.