दिव्याला पाडलेलं भोक

मालवणात सुभद्रेच्या दारावरून बाजाराला जाणारी पायवाट होती. तिच्या कुंपणाच्या खांबाला एक गंजका लोखंडी दिवा टांगलेला असे, आणि तो तिथं का आहे हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसेल त्याला ती थांबवून सांगे. मग डोक्यावर माशांची पाटी का असेना, ऐकल्याशिवाय सुटका नव्हती. लोक म्हणत, बाईच्या मनात विष आहे. होतंच! आणि ते कुणी कालवलं तेही लोकांना माहीत होतं.

सुभद्रा मूळची तोंडवलीची. बाप होड्यांच्या फळ्यांमधल्या फटी कापूस आणि राळ भरून बुजवायचा, त्यामुळे गळती म्हणजे काय हे तिला चालायला लागल्यापासून कळत होतं. लग्न झालं गंगारामाशी. तो बंदराच्या टोकाला असलेल्या पेट्रोलच्या गोदामात कामाला होता. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नची ती गोष्ट. मुंबईहून मचव्यांतून पिंपं यायची, गोदामात रचायची, आणि तिथं हातपंपानं डब्यांत पेट्रोल भरून मोटारींसाठी गावोगाव जायचं. पेट्रोलची वाफ नुसत्या ठिणगीनं पेटते. म्हणून फाटकाच्या आत विडी नाही, कंदील नाही. कंपनीनं मुद्दाम इंजिनाच्या विजेवर चालणारे दिवे पाठवले होते, जाड लोखंडाची गोल पेटी, पुढे बोटभर जाडीची काच, त्यावर जाळी, आणि सगळं बोल्टांनी आवळलेलं. आत भडका उडालाच तर तो आतच मरावा, बाहेर येऊ नये, अशी त्याची घडण.

घडण उत्तम, पण ती करणाऱ्यानं मालवणचा पावसाळा बघितला नसावा. इथल्या खाऱ्या वाऱ्यानं बोल्ट गंजत, रबराची चकती तडकत असे, आणि मग पेटीत पाणी साचून दिवा जाई. तो उघडायचा, पुसायचा, चकती बदलायची, बोल्टांना ग्रीस लावून पुन्हा आवळायचा, हे गंगारामाचं काम. तो ते न कुरकुरता करी.

कुरकुर होती दत्ताराम मुकादमाची. हा पूर्वीचा तांडेल, मोठ्या होडीचा म्होरक्या. समुद्र सोडला तरी डोकं होडीतच राहिलेलं. होडी पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढली की तळाचं बूच काढून ठेवायचं, म्हणजे पावसाचं पाणी आत साचून लाकूड कुजत नाही, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत. एका आषाढात सुभद्रा नवऱ्याची पेज घेऊन गेली, तेव्हा मुकादम दिव्याखाली उभा राहून गंगारामावर करवादत होता.

"रोज रोज काय उघडतंस रे? खाली एक बुराक पाड. पाणी जावक नको?"

पाणी बाहेर जायला नको का, असं त्याचं म्हणणं. गंगाराम म्हणाला, साहेबांनी पेटीला भोक पाडू नका म्हणून बजावलंय. मुकादम म्हणाला, साहेब मुंबईत कोरडा बसलाय. झालं. गंगारामानं हातानं फिरवायचं ड्रिल आणलं आणि पेटीच्या तळाला भोक पाडलं. सुभद्रेलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. होडीच्या घरातली ती, तिला उलट ते शहाणपणाचंच वाटलं. हे तिला पुढं जन्मभर डाचत राहिलं आणि त्याचा रागही तिनं मुकादमाच्याच खात्यावर टाकला.

श्रावण लागण्याआधीच ते झालं. गंगाराम त्याच दिव्याखाली डबे भरत होता. भोकातून वाफ पेटीत शिरली, आत ठिणगी पडली, आणि आतच मरायचा तो भडका त्याच भोकातून गंगारामाच्या अंगावर आला. गोदाम गेलं. वारा मातलेला, त्यानं शेजारी ओढून ठेवलेल्या होड्या आणि जाळी पेटवली. गंगाराम संध्याकाळपर्यंत जिवंत होता, पण बोलला नाही.

चौकशीला मुंबईहून साहेब आला. त्याच्यासमोर दत्ताराम मुकादम एकदम शुद्ध बोलू लागला. "साहेब, मी त्याला शंभरदा बजावलं होतं. त्यानं ते आपल्या डोक्यानं केलं." सुभद्रेनं जे ऐकलं होतं ते सांगितलं. साहेबानं नुसती मान हलवली, लिहून काही घेतलं नाही. ज्यांच्या होड्या जळल्या त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. बायको नवऱ्याची बाजू घेणारच, असं त्यांचं म्हणणं. मेलेला माणूस सगळ्यांनाच सोयीचा होता. त्या दिवसापासून गंगाराम 'बुराकवालो' झाला. कष्टाळू, देवभोळा माणूस, तो एका दिवसात गाव जाळणारा मूर्ख ठरला. त्याची लेक नर्मदा विहिरीवर गेली की बाया हळूच म्हणत, बुराकवाल्याची आली. पोर रिकामी घागर घेऊन परत येई. सुभद्रेनं तेव्हा मनाशी ठरवलं, हे नाव ज्याचं त्याच्या गळ्यात घालीन. नाहीतर मालवणात जगण्यात अर्थ नाही.

नवं गोदाम उभं राहिलं, नवे दिवे आले. मुकादमानं मोठ्या मनाचा आव आणून तिला झाडलोटीचं आणि दिव्यांच्या काचा पुसण्याचं काम देऊ केलं. तिचं तोंड बंद व्हावं, दुसरं काय! दीर लवू तिथंच पिंपं लोटायला होता. तो म्हणाला, वयनी, त्याच्या हाताखाली राबण्यापेक्षा उपाशी राहू. तिनं ऐकलं नाही. ती मुकादमाला हात जोडून कामावर रुजू झाली आणि घरी येऊन हात राखेनं घासले.

मग पुढला पावसाळा आला. सुभद्रा ठरवून एकच दिवा उघडायची, काच लख्ख पुसायची, पेटीत वाटीभर पाणी ओतायची आणि बोल्ट नीट आवळून टाकायची. पुरुषालाही सुटू नयेत असे आवळायची, कारण आतलं बाहेर येता कामा नये हे तिच्याइतकं कुणाला कळणार? दुसऱ्या दिवशी दिवा गेलेला. मुकादमानं मुंबईहून नवी चकती मागवली, तरी पाणी. बोल्ट बदलले, तरी पाणी. पलीकडच्या दिव्यात थेंब नाही आणि हाच मेला भरतो कसा, म्हणून तो डोकं धरून बसे. कंपनीनं विचारलं, एक दिवा कोरडा ठेवता येत नाही का? सुभद्रा बाजूला केर काढत हे सगळं ऐके, आणि तिला रात्री गाढ झोप लागे.

तिला माणूस पुरता ओळखीचा होता. जिवावर बेतलं तरी शेवटी हा होडीवालाच. पाणी साचलं की याचा हात बुचाकडे जाणार. म्हणून रोज दिवे लागायच्या आधी ती पेटीच्या तळाला बोट लावून बघायची. आज नाही. आज नाही. पावसाळा सरत आला, तिला धास्ती वाटू लागली की हा शहाणा झाला की काय.

आणि मग एका दुपारी, आभाळ इतकं दाटलं होतं की चार वाजताच काळोख झाला, तिचं बोट भोकात गेलं.

हुबेहूब गंगारामाच्या भोकासारखं. कडा अजून धारदार होत्या. पलीकडे पिंपं उघडली होती, वाफेचा गोड वास पसरला होता, आणि मुकादम त्याच दिव्याखाली येऊन इंजिन सुरू करा म्हणून ओरडत होता. इंजिन सुरू झालं की दिवे लागणार. सुभद्रा हलली नाही. खोटं कशाला सांगा, त्या घटकेला तिला तो जळताना बघायचा होता. गप्प राहायचं, फाटकाबाहेर जायचं, बस्स. पण लवू पंपावर होता. आणि मुकादम जळाला असता तर तोही बिचाराच ठरला असता, गंगाराम मात्र बुराकवालोच राहिला असता. एवढं स्वस्त तिला नको होतं.

ती इंजिनाच्या खोलीपाशी धावली, दारात आडवी उभी राहिली आणि सगळ्यांना दिव्याखाली बोलावलं. लवूचं बोट धरून तिनं त्या भोकात घातलं. बाकीच्यांनी हात लावून बघितलं. शेजारचे होडीवालेही आले, ज्यांची जाळी जळली होती तेच.

"मुकादमानू," ती शांतपणे म्हणाली, "ह्यो बुराक कोणी पाडल्यान?"

पावसाळाभर त्या दिव्यानं छळलेला माणूस तो. त्याचा तोल गेला. "मी पाडलंय! मगे काय करू? पाणी जावक नको?"

म्हटलं आणि थांबला. चौकशीच्या दिवशी सुभद्रेनं साहेबापुढे मुकादमाचे म्हणून हेच शब्द सांगितले होते, अगदी हेच, आणि त्या वेळी तिच्याकडे पाठ फिरवलेले बरेचजण आता तिथं उभे होते. एका म्हाताऱ्या तांडेलानं मुकादमाकडे बघून जमिनीवर थुंकलं. लवूनं पिंपांची झाकणं घट्ट बसवली.

कंपनीनं दत्तारामाला काढलं आणि भोकाचा दिवा मोडीत टाकला. तो सुभद्रेनं मागून घेतला. दिव्यात रोज पाणी कुठून येत होतं, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. दिव्यांचं काम पुढं कितीतरी वर्षं तिनंच केलं, आणि त्यांत पुन्हा पाणी साचलं नाही. 'बुराकवालो' हे नाव आपोआप पायवाट ओलांडून मुकादमाच्या घरी गेलं. नर्मदा विहिरीवरून भरलेली घागर घेऊन येऊ लागली.

एकोणीसशे पासष्टच्या सुमाराला दत्ताराम थकला. मुलाचं लग्न जमत नव्हतं. पाहुणे पायवाटेनं येत, दिवा बघत, चौकशी करत आणि परत जात. एका भर पावसात तो सुभद्रेच्या दारात आला. डोक्यावर घोंगडी, हात जोडलेले. म्हणाला, "चुकलंय गो मी. पोराचो काय गुन्हो? आता तरी काढ तो दिवो."

सुभद्रा पडवीतून उठली नाही. तिनं कुंपणाकडे बघितलं. दिवा पावसानं भरत होता आणि तळाच्या भोकातून पाण्याची बारीक धार पायवाटेवर पडत होती.

"असू दे मुकादमानू," ती म्हणाली. "पाणी जावक नको?"