वरचा अर्धा नानांचा

माझे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, मागच्या वर्षी दोन महिने माझ्याकडे जळगावला राहिले. धुळ्याला त्यांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला होता. पाय सावरला, उजवा हात मात्र मागे राहिला. माझ्या घराजवळ फिजिओथेरपीचं केंद्र होतं, म्हणून ते आले. तिथल्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. नानांनी तो दोन दिवस दाबला आणि खिडकीत ठेवून दिला. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाच्या हातात चेंडू दिला, याचं त्यांना वाईट वाटलं होतं.

मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून तिचा कॉम्प्युटर हॉलमध्ये पडून होता. त्यात मोटारींच्या शर्यतीचा एक गेम होता आणि ड्रॉवरमध्ये दोन गेमपॅड. बोटांना व्यायाम होईल म्हणून एका रविवारी मी तिला फोनवर विचारत विचारत सगळं जोडलं. आधी दोन्ही पॅड एकच गाडी वळवायचे आणि गाडी भिंतीत जाऊन थांबायची. तासाभराने 'दुसरा खेळाडू' सापडला आणि पडदा आडवा दुभागला. वर एक गाडी, खाली एक. वरचा अर्धा आपला, असं नानांनी सांगून टाकलं. मोठे तेच होते.

पहिल्या शर्यतीत माझे तीन फेरे चार मिनिटांत झाले. नानांना सतरा मिनिटं लागली. त्यांचा अंगठा घसरायचा, गाडी गवतात जायची आणि ते तिला सावकाश बाहेर काढायचे. मी माझ्या संपलेल्या अर्ध्याकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले असताना मी सेटिंगमध्ये जाऊन त्यांच्या गाडीचं 'सहाय्य' चालू केलं. मग गाडी आपोआप वळते, आपोआप पळते. त्यांना हुरूप यावा म्हणून केलं, असं मी बायकोला सांगितलं. खरं म्हणजे मला थांबायचा कंटाळा आला होता. सख्ख्या भावासाठी माझ्याकडे तेरा मिनिटं नव्हती.

नाना जिंकू लागले. त्यांच्या गाडीमागे एक पिवळा दिवा मिचमिचायचा. तो कशाचा, असं त्यांनी विचारलं. नव्या गाड्यांना असतो, मी म्हणालो. त्यांनी वहिनींना फोन करून सांगितलं, की हात सुधारला, लहान्याला रोज हरवतो. वहिनींनी ते गल्लीभर सांगितलं. आता गरज काय, म्हणून नानांनी केंद्रात जाणं बंद केलं. तेव्हाही मी गप्प राहिलो. असा महिना गेला.

एका सकाळी ते टोपी घालून माझ्यासमोर उभे राहिले. नशिराबादला त्यांचा जुना मित्र राहतो, त्याला मोटारसायकलवर जाऊन भेटून येतो म्हणाले. रस्ता हायवेचा, ट्रकांचा.

"चावी दे. मना हात आते बठ्ठा बरा शे."

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी चावी खिशात टाकली आणि त्यांना सगळं सांगितलं. सहाय्याचं, पिवळ्या दिव्याचं. कंटाळ्याचंही सांगितलं, कारण ते वगळलं असतं तर पुन्हा खोटंच झालं असतं.

नाना खुर्चीवर बसले. "मंग महिनाभर मी काय करी ऱ्हायंतू?"

नुसती बटणं दाबत होतात, असं मी म्हणालो.

"आनि तू रोज मशीनपुढे हारना?"

हो म्हणालो. बायको आत निघून गेली. बहुतेक हसू आवरायला.

"तो दिवा बंद कर," नाना म्हणाले.

मी सहाय्य बंद केलं. टोपी न काढताच ते वरच्या अर्ध्यावर खेळायला बसले. माझे फेरे चार मिनिटांत झाले. मी पॅड ठेवून उठायला लागलो तेव्हा पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले, "बसी ऱ्हाय."

मी बसलो. गाडी गवतात गेली, भिंतीला लागली, एकदा उलट्या दिशेने अर्धा फेरा मारून आली. त्यांना बावीस मिनिटं लागली. पहिल्या दिवशी सतरा लागली होती. वरची पाच माझ्यामुळे.

मग त्यांनी केंद्र किती वाजता उघडतं ते विचारलं. खिडकीतला चेंडू डाव्या हाताने उचलून खिशात घातला. मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून केंद्रात घेऊन गेलो.